पांढऱ्या धोतरावरची रेघ

एकदा एका घाटाखालच्या गावी एक वृद्ध वैद्य राहत असत. त्यांना नाव होतं, पण गावाने ते कधी वापरलं नाही. लहानथोर सगळे त्यांना वैद्यबुवा म्हणत, तर आपणही तसंच म्हणू. बुवांच्या घरामागे छोटीशी रसशाळा होती आणि तिथलं दम्याचं चूर्ण साऱ्या पंचक्रोशीत प्रसिद्ध होतं. थंडी सुरू झाली की त्या खोऱ्यात धुकं साचतं, आणि दमेकऱ्यांना पाठ टेकता येत नाही. अशा चाळीस-पन्नास माणसांचा हिवाळा त्या चूर्णावर निघत असे.

चूर्णात द्रव्यं दहा. त्यांतली नऊ साधी, वनस्पतींची, जाडसर कुटलेली. दहावं मात्र जहाल. त्याचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, कारण वाचकांपैकी कोणीतरी उद्या खलबत्ता घेऊन बसेल आणि पुढचं मला निस्तरावं लागेल. एवढंच ध्यानात ठेवा की ते काळं, जड आणि अतिशय बारीक होतं. योग्य प्रमाणात पोटात गेलं तर छाती मोकळी होई. कमी गेलं तर काही उपयोग नाही, आणि जास्त गेलं तर माणसाला भोवळ येई.

आता हे चूर्ण तयार कसं होई तेही सांगतो, कारण सगळी गोम तिथेच आहे. दहा द्रव्यं मोठ्या परातीत हाताने कालवायची. एकजीव झाली की चाड्यात भरायची. शेतकऱ्याच्या पाभरीला बी सोडायला लाकडी चाडं असतं ना, तसंच, पण चांगलं घागरीएवढं. त्याला खाली भोक आणि भोकाला सरकती पट्टी. पट्टी सरकवली की चूर्ण धारेने खाली येई. खाली बसलेली गोदाक्का ते मापट्यात धरी आणि कागदाची पुडी बांधी. एका भरणीत तीनशे पुड्या होत आणि त्या तीन टोपल्यांत जात.

चाडं भरलं की पुड्या बांधण्याआधी परीक्षा होई. वरून चिमूटभर चूर्ण घ्यायचं, पांढऱ्या बशीतल्या पाण्यात टाकायचं आणि थांबायचं. बाकीचं चूर्ण तरंगे आणि जहाल द्रव्याचे काळे कण तळाशी बसत. ते नऊ-दहा भरले की चूर्ण उत्तम. ही बशी बुवांनी शोधून काढली होती आणि तिचा त्यांना फार अभिमान होता.

बुवांची शिष्या सरोजिनी. सहा वर्षं त्यांच्याकडे शिकत होती, बुद्धीने तल्लख, आणि नीटनेटकेपणाचं तर तिला जवळजवळ व्यसनच होतं. दाराशी चपलासुद्धा ती ओळीने लावी, स्वतःच्याच नव्हे, आल्यागेल्याच्याही. त्या वर्षीच्या पावसाळ्यात बुवांचा हात कापू लागला तेव्हा त्यांनी रसशाळा तिच्या स्वाधीन केली आणि स्वतः ओसरीवर घोंगडी टाकून बसले.

सरोजिनीने कारभार हाती घेतला आणि पाहिलं, तर पुड्या लहानमोठ्या. चूर्ण भोकाशी अडे, मग एकदम भसकन पडे. तिने सुताराकडून एक छोटी लाकडी मोगरी करून घेतली. दर पुडीला चाड्यावर तीन ठोके, टक् टक् टक्. झालं! धार सरळ पडू लागली. सोनाराच्या तराजूत तोलून पाहावं तर पहिली पुडी आणि तीनशेवी पुडी गुंजेचाही फरक नाही. बुवांच्या काळी भरणी अर्धी झाली की सगळं चूर्ण परत परातीत ओतून पुन्हा कालवत. धार अडायचीच थांबल्यावर ती उठाठेवही तिने बंद केली. पूर्वी पुड्या बांधून संपायला दोन दिवस लागत, ते काम आता एका दिवसात होऊ लागलं. बुवा खूश, गोदाक्का खूश, आणि सरोजिनीच्या आनंदाला तर पारावार नव्हता.

आणि मार्गशीर्षात एका दुपारी धाकू नावाडी स्वतःच्याच नावेतून नदीत पडला.

तीस वर्षं नाव चालवणारा माणूस! लोकांनी ओढून काढला, ओलाचिंब तसाच बुवांच्या ओसरीवर आणून ठेवला. शुद्धीवर आल्यावर म्हणतो, "बाई, सकाळी तुमची पुडी घेतली आणि मधल्या धारेत मला समोरचा डोंगर दोन दिसायला लागला. एकाच्या जागी दोन! आता वल्हवू कुठल्याकडे?" बोलताना त्याचे दात वाजत होते.

त्याला घोंगडीत गुंडाळून शेगडीशी बसवतात न बसवतात तोच खालच्या आळीतून चंद्राकाकूंचा मुलगा आला. "सरूताई, आईला या खेपेच्या पुड्यांनी काडीचा गुण नाही. तीन रात्री बसून आहे. तुम्ही औषधात काही घालायचं विसरलात का?"

सरोजिनी दोघांकडे पाहतच राहिली. एकाच भरणीतलं चूर्ण, एकाच दिवशी बांधलेलं. एकाला जास्त झालं म्हणावं तर दुसरीला कमी कसं? आणि कमी झालं म्हणावं तर हा बुडाला कसा?

तिने रसशाळेत धाव घेतली. परातीतून बाजूला काढून ठेवलेलं नमुन्याचं चूर्ण होतं, त्याची बशी पाहिली. कण दहा. तिसऱ्या टोपलीतली खालच्या आळीची पुडी मागवली, तर एकही शिल्लक नाही. गुण येईना म्हणून लोकांनी दोन-दोन घेऊन संपवल्या होत्या. पहिली टोपली नदीपलीकडे गेली होती. तिकडे आणखी दोघातिघांना भोवळ आली होती, आणि धाकू बुडाल्याची बातमी पोचताच लोकांनी घाबरून पुड्या चुलीत टाकल्या होत्या. मधली टोपली तेवढी घरात होती. तिच्यातल्या सहा पुड्या तिने फोडल्या. दहा, नऊ, दहा, दहा, नऊ, दहा. तराजू पाहिला, बरोबर. मापटं पाहिलं, बरोबर. जिथे हात लावावा तिथे सगळं बरोबर! बरोबर नव्हती ती फक्त माणसं.

डोकं चालेनासं झालं की माणूस दुसऱ्यावर संशय घेतो. ती गोदाक्काला म्हणाली, "तुम्ही पुडी बांधताना काही चाळा करता का?"

"म्हणजे?"

"म्हणजे मापटं हलवणं, फुंकर मारणं, असलं काही."

"सरूबाई, तू परकरात होतीस तेव्हापासून मी इथे पुड्या बांधते," गोदाक्का म्हणाली. "माझ्या हाताने कोणी मेलं असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं." पदर डोळ्यांना लावून ती उठली आणि घरी निघून गेली.

सरोजिनीला वाईट वाटलं, पण कोडं तसंच होतं. मग तिच्या ध्यानात आलं की भोवळ आलेले सगळे नदीपलीकडचे. धाकूही पलीकडचाच. म्हणजे नदी ओलांडली की औषध बदलतं की काय? तिकडचं पाणी जड आहे? हसू नका. गोंधळलेला हुशार माणूस गोंधळलेल्या मूर्खापेक्षा जास्त लांब जातो. बशी, तांब्या आणि नमुन्याचं चूर्ण घेऊन ती धाकूच्या भावाबरोबर नावेतून पैलतीराला गेली, तिथल्या विहिरीचं पाणी बशीत घेतलं आणि खडकावर बसून कण मोजले. दहा. विहिरीवरच्या बायका एकमेकींना कोपर मारत होत्या. ती तशीच परत आली.

इकडे थंडी वाढत चालली होती. नवी भरणी कालवून चाड्यात तयार होती, वरून बशी पाहून झाली होती, आणि ओसरीवर दमेकरी येऊन विचारत होते, पुडी कधी मिळेल म्हणून. द्यावी तर एखादा नदीत जायचा. न द्यावी तर एखादी बसल्या जागी गुदमरायची. शेवटी ती बुवांपुढे जाऊन बसली. डोळ्यांतलं पाणी तिने लपवलं नाही.

"बुवा, चाडं बंद करते मी. मला हे जमत नाही."

"बशीत किती?" बुवांनी विचारलं.

"दहा."

"वजन?"

"गुंजेचा फरक नाही."

"मग बिघडलंय काय?"

"तेच तर कळत नाही ना! कुठे काही बिघडलेलंच नाही, आणि माणसं मरायला टेकलीयत!"

बुवांनी रसशाळेच्या दाराकडे मान वळवली. म्हणाले, "हल्ली आतून टकटक आवाज येतो, तो कसला?"

तिने मोगरीचं सांगितलं. धार कशी सरळ पडते तेही सांगितलं. बुवांनी नुसतं "हं" केलं. मग म्हणाले, "गोदाक्काला बोलावून आण. आणि माझी दोन धुतलेली धोतरं घे. टोकाला टोक शिवून एक लांब पट्टा कर."

"धोतरं? कशाला?"

"सांगतो तेवढं कर."

धोतरं शिवली. गोदाक्का आली, पण तोंड फुगवून, सरोजिनीकडे न बघता. धाकूही आता हिंडूफिरू लागला होता; औषधाचं काय झालं ते विचारायला आलेला, त्यालाही बुवांनी आत घेतलं. धोतराचं एक टोक चाड्याच्या भोकाखाली अंथरलं, बाकीचं मागे चुण्या करून ठेवलं, आणि त्या टोकाचे दोन्ही काठ गोदाक्का आणि धाकूच्या हाती दिले.

"सरोजिनी, पट्टी सरकव," बुवा म्हणाले. "आणि रोज वाजवतेस तशी मोगरी वाजव, पुडीला तीन ठोके. तुम्ही दोघं धोतर सावकाश मागे ओढत चला. धार तुटू द्यायची नाही."

"नाव ओढतात तसं ओढू का, बुवा?"

"तसंच ओढ. पण या खेपेला पडू नकोस."

सरोजिनी जागची हलेना. "बुवा, अहो, पंधरा दिवसांची मेहनत आहे ही! शुद्ध, परीक्षा झालेलं चूर्ण जमिनीवर ओतायचं? लोक बाहेर औषधासाठी ताटकळतायत."

"ओत म्हटलं ना!"

बुवा सहसा आवाज चढवत नसत. तिने पट्टी सरकवली. टक् टक् टक्. चूर्ण पडू लागलं, धोतर सरकू लागलं, आणि पांढऱ्या कापडावर एक जाड रेघ उमटत गेली. म्हाताऱ्याला चळ लागलाय, असं गोदाक्काच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. सरोजिनी धारेकडे टक लावून पाहत होती. धार अगदी सारखी होती. या क्षणाची धार मागच्या क्षणाच्या धारेसारखीच दिसत होती. चाडं रिकामं होईपर्यंत तिला कुठेही काही वावगं दिसलं नाही, आणि रेघ रसशाळेच्या दारातून अंगणापर्यंत पोचली होती.

"काय दिसलं?" बुवांनी विचारलं.

"चूर्ण."

"बरं. धाकू, गोदाक्का, आता तुमच्या हातातलं टोक वळवा आणि जपून इकडे आणा. रेघ मोडू नका. तुमचं टोक आणि हे भोकाखालचं टोक एकमेकांशेजारी ठेवा."

दोघं वळसा घालून आली आणि पहिलं टोक शेवटच्या टोकाशेजारी आलं. सरोजिनीच्या हातातली मोगरी खाली पडली. पहिलं टोक ओल्या मातीसारखं काळपट होतं. शेवटचं वरीच्या पिठासारखं पांढुरकं. दोन वेगळी औषधं म्हणून कोणीही ओळखली असती.

तिने बश्या मांडल्या. पहिल्या टोकाला एकतीस कण. रेघेच्या मध्यावर दहा. शेवटच्या टोकाला दोन.

"म्हणजे मला एकतीसवालं घावलं," धाकू म्हणाला.

"आणि चंद्राकाकूंना दोनवालं," सरोजिनी हळूच म्हणाली. "पण बुवा, हे मी पाहिलं कसं नाही? इतके दिवस त्याच्यासमोर बसले होते!"

तेव्हा बुवा बोलले. "पोरी, जाड आणि बारीक एकत्र असलं आणि त्याला ठोके बसले की बारीक फटींतून खाली उतरतं. काळं द्रव्य जडही आणि बारीकही. तुझ्या प्रत्येक ठोक्याला ते थोडं खाली जात होतं, म्हणून पहिल्या पुड्यांत सगळं तेच आलं आणि शेवटच्यांना उरलं नाही. तू परीक्षा केलीस, पण ते थांबलेलं असताना. परातीत थांबलेलं, चाड्यात थांबलेलं. लोकांच्या पोटात मात्र जात होतं ते वाहिल्यानंतरचं. वाहताना त्याचं काय होतं ते पाहायला तिथे कोणी नव्हतं. आणि तू समोर बसूनही तुला दिसलं नाही, कारण प्रत्येक पुडी तिच्या शेजारणीसारखीच होती. पहिली आणि तीनशेवी कधी एकमेकींना भेटल्याच नाहीत. आज धोतरावर भेटल्या."

"तुम्हाला हे आधीच ठाऊक होतं?"

"छे! टकटक ऐकून मनात आलं, बघावं म्हटलं. ठाऊक असतं तर इतके दिवस तुला करू दिलं असतं का?"

गोदाक्का तेव्हा म्हणाली, "पण बुवा, तुमच्या वेळी असं कधी झालं नाही. मोगरी नव्हती, तरी चाडं हलायचं, मीच हाताने थापटायची. तुम्ही धारेखाली तळवा धरून बसायचात. आणि मध्येच 'नको, ओता परत' म्हणायचात. आम्हाला मेला कंटाळा यायचा."

बुवांनी तिच्याकडे चमकून पाहिलं. मग आपल्या कापणाऱ्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो हात त्यांनी मांडीवर पालथा घातला, पुन्हा उताणा केला.

"खरंच की," ते म्हणाले. "धार हाताला बरी लागेनाशी व्हायची, मऊमऊ लागायची नाही, म्हणून मी परत ओतायला लावायचो. का, ते मला कोणी विचारलं नाही, मीही स्वतःला विचारलं नाही. मला वाटायचं, परीक्षा बशीच करते. बशी मी तुला शिकवली, सरोजिनी. हात शिकवायचा राहून गेला. मलाच ठाऊक नव्हतं की तो काही करतोय. चूक तुझी नाही, माझी आहे."

शिष्येला गुरूने असं सांगावं, तेही नावाड्यासमोर, आणि आवाज न बदलता! असे गुरू मी फार थोडे पाहिलेत.

सरोजिनी उठली आणि आधी गोदाक्काच्या पाया पडली. "आक्का, मी तुमच्यावर उगाच आळ घेतला."

"ऊठ बाई," गोदाक्का म्हणाली, "आता आधी हे सगळं गोळा करायला लाग." आणि तीच पहिली खाली वाकली.

कारण वाया काहीच गेलं नव्हतं. धोतरावरचं चूर्ण पुन्हा परातीत आलं, पुन्हा एकजीव झालं. मोगरी अडगळीत गेली. भरणी लहान केली, आणि दर वीस पुड्यांनंतर धारेखाली बशी धरायची असं ठरलं. पट्टी बंद करून नव्हे, धार चालू असताना. आणि टोपली बाहेर पडण्याआधी पहिली पुडी आणि शेवटची पुडी एकमेकींशेजारी फोडून पाहायची. पुड्या पुन्हा थोड्या लहानमोठ्या होऊ लागल्या आणि तराजूपाशी सरोजिनीचा जीव अजूनही तुटे. तेवढं तिने सोसलं.

संध्याकाळी पहिली पुडी मागायला धाकूच पुढे झाला. सरोजिनीचा हात अडला.

"आणखी एक दिवस थांबता का, धाकूदादा?"

"थांबून छाती ऐकते होय, बाई? द्या इकडे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नदीकाठी जाऊन उभी राहिली. धाकूने सगळ्यांसमोर पुडी तोंडात टाकली, वर पाणी प्यायला आणि नाव सोडली. नाव मधल्या धारेत गेली. तिथे पोचल्यावर धाकूने वल्हं थांबवलं, कपाळावर हात धरून समोर नीट निरखून पाहिलं आणि मागे वळून ओरडला, "बाई, एकच हाय!"

काठावरच्या लोकांना काही कळलं नाही. सरोजिनी मात्र रडता रडता हसत सुटली.

घरी आली तर बुवा ओसरीवर अडुळशाची पानं निवडत बसले होते. ती त्यांच्यासमोर बसली. एरवी बसली की तिचे प्रश्न सुरू होत. हे का, ते कशासाठी. त्या दिवशी तिने एकही प्रश्न विचारला नाही. कापणारा हात एक पान उचलून ठेवी, दुसरं उचलून बाजूला टाकी. दोन्ही पानं तिला सारखीच दिसत होती.

"काय बघतेस गं एवढं?" बुवांनी विचारलं.

"तुमचा हात," सरोजिनी म्हणाली. "तुम्ही चालू द्या."

आपल्याला शिकवणारी थोर माणसं ज्यांच्या घरात अजून आहेत, त्यांनी त्यांचं ऐकावंच. पण ती काम करत असताना थोडा वेळ समोर बसून राहावं.